खिंडीतला ढीग

"बाबा, अजून तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. पुतळा आवडला नाही का?"

याकूबने पुन्हा विचारलं. गावचे फकीर मलंगबाबा कालच उरुसाहून परतले होते. याकूब त्यांच्याच मांडीवर वाढलेला, पण लहानपणीच शहरात गेला आणि शिल्पकार होऊन परतला. शुक्रवारी त्याचं लग्न होतं.

याच खिंडीत गोऱ्यांशी लढताना गावचे सिद्दी शिपाई मेले होते. आफ्रिकेतून धरून आणलेल्यांची ही नातवंडं. देश स्वतंत्र झाला, पण त्यांचं नाव कुणी काढलं नाही. आता त्यांचा काळ्या दगडाचा शिपाई याकूबने इथं उभा केला होता. याकूबला स्वर्ग दोन बोटं उरला होता. आणि खोटं कशाला बोला, पुतळा होताच देखणा.

बाबांनी मात्र वर पाहिलंच नाही. ते खाली काहीतरी शोधत होते.

"इथं दगडांचा ढीग होता..."

"होता ना. चौथऱ्याच्या पायात भरला. आयताच मिळाला."

बाबा मटकन खाली बसले.

"सासरी येणारी आपली प्रत्येक सून इथं थांबते, याकूब. माहेरचा दगड पदरातून आणलेला असतो. तो ठेवते, मेलेल्या एका शिपायाचं नाव घेते, मग गावात पाऊल टाकते. तुझ्या आईनंही ठेवला होता."

याकूबला आता आठवलं. त्या ढिगात तांबडे दगड होते, पांढरे होते, नदीत गुळगुळीत झालेले होते. या डोंगरातला एकही नव्हता. भरताना त्याने ते पाहिलं होतं, आणि हसून सोडून दिलं होतं.

"पण बायका तर शेजारीच उभ्या होत्या... एकीनंही मला अडवलं कसं नाही?"

"त्यांना वाटलं असेल, पोर आपलंच आहे. त्याला ठाऊक असणारच."

याकूबला स्वतःचीच भीती वाटली. त्याने पहार उचलली.

"फोडतो मी, बाबा. सगळं आत्ताच फोडतो."

बाबांनी त्याचा हात धरला. पुतळ्याकडे त्यांनी आता पहिल्यांदाच पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"यानं काय केलंय तुझं?"

याकूबने पहार खाली ठेवली.

"मग मी करू तरी काय?"

बाबा उठले, झोळी खांद्याला लावली.

"शुक्रवारी तुझी नवरी येईल. पदरात दगड असेल. तो कुठं ठेवायचा, ते तिला तू सांग."