प्रॉम्प्टरचे उलटे खोके

ताशकुदुकच्या नाट्यगृहात आलेला नवखा पाहुणा आधी हसतो. रंगमंचाच्या कडेला प्रॉम्प्टर बसते, त्या लाकडी खोक्याचे तोंड नटांकडे हवे. इथे ते प्रेक्षकांकडे आहे. सुतार चुकला, असे पाहुणे म्हणतात. दारावरचे म्हातारे बोतिर-ओता त्यांना पोटभर हसू देतात, मग बसवून सांगतात.

फरगाणा खोऱ्यातल्या या गावाकडे तेव्हा आठ नाटके होती. सात कुणाच्या ना कुणाच्या लग्नाची, आठवे 'कालव्याची लेक'. त्यात एक पोर जुलमी जहागीरदाराला तोंडावर सुनावते, "पाणी तुझ्या बापाचं नाही." गावाला तेच लाडके. पुढे वरून नवा साहेब आला. त्याने कालवा कापसाकडे वळवला, गावाच्या जर्दाळूच्या बागा वाळल्या आणि ते वाक्य त्याला झोंबू लागले. त्याने नाटकाच्या वह्या जाळल्या म्हणे. वर हुकूम काढला: यातला एक शब्द नटाच्या तोंडून निघाला, तर नाट्यगृहाला कुलूप.

झुलैहो तिथली प्रॉम्प्टर. वीस वर्षे तिने खोक्यातून कुजबुजत नटांना सावरले होते, पण प्रेक्षकांनी तिचे तोंड कधी पाहिले नव्हते. वह्या जळल्या तरी नाटक तिला मुखोद्गत होते. आपल्याबरोबर तेही मरू नये, म्हणून तिने नवा हंगाम त्याच नाटकाने सुरू करायचे ठरवले.

"ओपा, आमच्या पोटावर पाय येईल," नट म्हणाले. ओपा म्हणजे थोरली बहीण.

"तुम्ही नुसते उभे राहा. हुकमात नटांचं नाव आहे, माझं नाही."

हंगामाच्या पहिल्या दुपारी साहेब जातीने पहिल्या रांगेत येऊन बसला. पडदा उघडला. नट त्याच नाटकाच्या वेषात, पण मुके. साहेब खूश झाला. तेवढ्यात झुलैहोने खोक्याची मागची फळी लाथेने पाडली, नटांकडे पाठ केली आणि सवयीप्रमाणे पहिले वाक्य कुजबुजत दिले, ते प्रेक्षकांना. एका म्हातारीने ते उचलले. मग तिची रांग बोलू लागली, मग वरचा सज्जा. शेवटी तर सातशे माणसे साहेबाच्या पाठीमागून एकदम म्हणाली, "पाणी तुझ्या बापाचं नाही."

"कोण बोललं?" साहेब ताडकन उठला.

"नट नाही बोलले, साहेब," झुलैहो म्हणाली.

तिची नोकरी त्याच दिवशी गेली. नाटक मात्र सातशे घरी पोचले होते आणि तितकी कुलपे साहेबाकडे नव्हती, असे सांगतात.

आजही हंगाम त्याच नाटकाने सुरू होतो. नट मुके उभे राहतात, प्रॉम्प्टर प्रेक्षकांना वाक्ये देते. पहिली रांग साहेबलोकांसाठी राखलेली असते, आणि त्यांनी शेवटचे वाक्य मोठ्याने म्हटल्याशिवाय बोतिर-ओता बाहेर जायचे दार उघडत नाहीत.