लाल होईल ते थांबवा

“लाल झालं म्हणजे मेलं. पोलादाचा धर्मच तो,” महाराजांनी लेथवर काठी आपटली. “तुझ्या बापानं माझं कातायचं हत्यार जाळलंय. उद्यापासून कारखान्यात त्याचं पाऊल नको.”

“तो जुन्या पोलादाचा धर्म, महाराज. हे टंगस्टन घातलेलं आहे,” यमाजी लोहाराची सुंदरा म्हणाली. “तुम्हीच मागवलंत. काय मागवतोय ते विचारायचं राहिलं असेल.”

यमाजीने डोळे मिटले. नोकरी गेलीच होती. आता पोरीच्या जिभेपायी गावही सुटणार.

शिरवंडीचे महाराज यंत्रांचे मोठे जाणकार. म्हणजे विलायतेत एका कारखान्याबाहेर त्यांनी मोटार उभी केली होती. दिवाणही जाणकारच, कारण ते त्या मोटारीत मागे बसले होते.

“मग दाखव,” महाराज म्हणाले. “माझ्या मोटारीचा आस मोडलाय. दिवे लागायच्या आत नवा कातून दे, बापाची नोकरी राहील. हत्यारावर पाणी घालायचं नाही. आणि या कारखान्यात जे लाल होईल, ते तिथल्या तिथे थांबवायचं. दिवाण, तुम्ही इथेच उभे राहा.”

सावकाश कातावं तर आस पुढच्या आठवड्यात. भरभर कातावं तर हत्यार लाल. ही अडचण महाराजांना कळत नव्हती असं नाही. त्यांनीच ती मोठ्या प्रेमानं विणली होती.

“जे लाल होईल ते?” सुंदराने विचारलं.

“जे लाल होईल ते. शब्द आहे माझा.”

सुंदराने भाता ओढला. नव्या पोलादाचा तुकडा वितळायच्या बेताला येईतो पांढराफेक तापवला आणि तेलात बुडवला. मग बेताच्या आचेवर पुन्हा तापवून गार होऊ दिला. मग पुन्हा. मग आणखी एकदा.

“कडक झालेलं परत परत कशाला तापवतेस?” दिवाणांनी नाक मुरडलं.

“नुसतं कडक असलं की ठिसूळ राहतं, दिवाणसाहेब. पहिल्याच ठोक्याला तुकडा उडतो. दरबारात पाहिलं असेल तुम्ही.”

धार लावून हत्यार लेथवर चढलं. यमाजीने लेथ भरधाव सोडला. लोखंडाच्या निळ्या पडलेल्या सुरळ्या गळू लागल्या. आस निम्मा झाला आणि हत्याराचं टोक निखाऱ्यासारखं लाल झालं.

“लाल झालं! थांबवा!” दिवाण ओरडले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना काहीतरी सगळ्यांच्या आधी दिसलं होतं.

यमाजीचा हात लेथ बंद करायच्या दांड्याकडे गेला. सुंदराने तो धरून ठेवला.

ओरडा ऐकून महाराज धावत आले. “माझा हुकूम मोडतेस? माझ्याच कारखान्यात? माझ्यासमोर?” बोलता बोलता ते कानांपासून मानेपर्यंत लालबुंद झाले. सुरळ्या मात्र पडतच होत्या.

सुंदराने एकदा हत्याराकडे पाहिलं, एकदा महाराजांकडे, आणि दिवाणांना काही सांगितलं. दिवाणांनी घाईघाईनं तोंडावर उपरणं धरलं. महाराज मात्र असे हसत सुटले की फेटा सुटून खांद्यावर आला. दिवे लागायच्या आत आस झाला. यमाजी त्याच कारखान्याचा मुख्य झाला. नव्या आसावर मोटार निघाली तेव्हा महाराजांशेजारी पुढे सुंदरा बसली होती, आणि मागे, रिवाजाप्रमाणे, दिवाण.

ती म्हणाली होती एवढंच: “दिवाणसाहेब, हुकूम म्हणजे हुकूम, पण आधी महाराजांना थांबवा, हत्यार निदान लाल होऊनही काम करतंय.”