वरवाडीचे दोन शुक्रवार

फार पूर्वी एका नदीच्या दोन काठांवर दोन गावं होती, वरवाडी आणि खालवाडी. नदी उथळ होती. धोतर गुडघ्यापर्यंत खोचून निघालं, की पान चघळून होईपर्यंत माणूस पलीकडे पोचायचा. तरीही या दोन गावांमध्ये एका दिवसाचं अंतर होतं. वरवाडीत मंगळवार उजाडला, की खालवाडीत सोमवार असायचा.

हे कसं झालं याची दोन उत्तरं होती. वरवाडीकर सांगत, खालवाडीचे लोक एका शिमग्याला भांग पिऊन असे झोपले की अख्खा दिवस घोरण्यात गेला, आणि उठल्यावर त्यांनी कालचाच वार पुढे चालवला. खालवाडीकर सांगत, तसं काही नाही, वरवाडीकरांनाच पुरणपोळीची इतकी घाई झाली होती की होळीच्या आधीचा एक दिवस त्यांनी पोळीबरोबर गिळला. खरं कोणाचं, ते कधी ठरलं नाही. वाटसरूंना विचारावं, तर ते ज्या गावात जेवत त्या गावाचा वार खरा म्हणत.

मग काय, वरवाडीकर खालवाडीला 'शिळं गाव' म्हणू लागले आणि खालवाडीकर वरवाडीला 'कच्चं गाव'. मारामारी अशी नव्हती, पण सोयरीकही नव्हती. एका वारावर ज्यांचं एकमत नाही, त्यांच्यात लेक द्यायची कशी?

वरवाडीत केरू नावाचा एक तरुण कुंभार होता. एका मंगळवारी तो गाढवावर मडकी लादून खालवाडीच्या बाजाराला निघाला. खालवाडीचा बाजार मंगळवारचा, हे त्याला माहीत होतं. कोणाचा मंगळवार, हे विचारायचं तो विसरला. जाऊन पाहतो तर बाजारपेठ ओस. एक मुलगी तेवढी खांबांना सूत ताणून वाळवत होती. ती खालवाडीच्या कोष्ट्याची लेक, तिचं नाव सगुणा.

केरूने विचारलं, बाजार कुठं आहे? सगुणा म्हणाली, उद्या आहे. केरू म्हणाला, पण आज मंगळवार आहे.

"तुमच्याकडं असंल," सगुणा म्हणाली. "हितं सोमवार हाय."

केरू हिरमुसून तिथंच बसला. सगुणाला त्याची दया आली. तिने त्याच्याच एका गाडग्यातून त्याला पाणी दिलं. गाडगं नेमकं गळकं निघालं आणि अर्धं पाणी त्याच्या सदऱ्यावर सांडलं. ती हसली. कुंभाराला खरं तर राग यायला हवा होता, पण तोही हसला.

पुढच्या आठवड्यात केरू पुन्हा मंगळवारीच आला. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. आई कपाळावर हात मारून म्हणायची, अरे, तुझा वार दर खेपेला कसा चुकतो? शेवटी गाढवसुद्धा मंगळवारी निघताना पाय आखडता घेऊ लागलं. केरू मात्र इमानाने चुकत राहिला. मडकी विकायला तो दुसऱ्या दिवशी यायचाच, पण आदल्या दिवशी ओस बाजारात सगुणा सूत वाळवत असायची आणि बोलायला निवांत वेळ असायचा.

एकदा सगुणाने त्याला चिडवलं, की तुम्ही तर आमच्या उद्यातून येता, मग सांगा की, उद्या कसा आहे?

केरूने थोडा विचार केला. "बरा हाय," तो म्हणाला. "ऊन हाय, भाकरी हाय. फकस्त तू न्हाईस."

सगुणाचं बोट सुतात गुंतलं ते गुंतलंच. त्या दिवशी घरी गेल्यावर तिने आईला सांगून टाकलं, की लग्न करीन तर त्या कच्च्या गावच्या कुंभाराशी.

दोन्ही घरांत व्हायचा तो गोंधळ झाला. सगुणाचा बाप म्हणाला, ते लोक घाईचे. केरूचा बाप म्हणाला, ते लोक आळशी. पण पोरं हटेनात. केरू जेवेना, सगुणा बोलेना. शेवटी दोन्ही बाप नमले. दोन गावांचे दोन जोशी नदीतल्या वाळवंटावर भेटले. दोघांनी बोटं मोजली, आकाशाकडे पाहिलं, आणि नवल म्हणजे दोघांच्या तोंडून एकच वार निघाला. येता शुक्रवार, भर दुपारचा मुहूर्त. लग्न नदीच्या मधोमध, वाळवंटावर.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोन गावांचं एकमत झालं होतं. त्या आनंदात कोणाचा शुक्रवार, हे कोणीच विचारलं नाही.

शुक्रवारी वरवाडीची वरात सनई-ताशे वाजवत वाळवंटावर आली. केरू हळदीने पिवळाधमक, कपाळाला बाशिंग. करवलीच्या हातात उष्ट्या हळदीची वाटी. त्या मुलखात नवऱ्याची उष्टी हळद वरातीबरोबरच यायची, आणि ती लागल्याशिवाय नवरी बोहल्यावर चढत नसे. पण हळद लावायची कोणाला? पलीकडे ना मांडव, ना माणूस. दूर कोणीतरी निवांतपणे म्हैस धूत होतं.

ताशे ऐकून खालवाडीचे लोक धावत आले. कोणाचे हात पिठाचे, कोणाच्या खांद्यावर पाट. सगुणा आली ती कामाच्या लुगड्यातच. लग्न उद्या आहे, आज गुरुवार, असं तिचा बाप सांगू लागला. लग्न आजच आहे, आज शुक्रवार, असं केरूचा बाप सांगू लागला. दोन्ही जोशी एकमेकांच्या अंगावर धावले. लग्नाच्या संकल्पात आजचा वार उच्चारावा लागतो, आणि खोटा वार उच्चारायला दोघांपैकी एकही तयार नव्हता.

ऊन डोक्यावर आलं. केरूचा बाप निर्वाणीचं बोलला. मुहूर्त टळला तर वरात परत जाईल, आणि परत गेलेली वरात पुन्हा या नदीत उतरणार नाही. सगुणाचा बापही काही कमी नव्हता. लेकीचं लग्न चुकीच्या वारी लावलं तर खालवाडी ते लग्न मानणार नाही, असं त्याने ठणकावलं. सनई थांबली. सगुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. आता हे लग्न मोडतं, हे लहान पोरांनाही कळलं.

तेव्हा केरू घोडीवरून उतरला.

"मी थांबतो," तो म्हणाला. "वरात जाऊ द्या. उद्या त्यांचा शुक्रवार हाय. मी हितंच वाळूत बसतो."

बाप म्हणाला, अरे, उद्या शनिवार, शनिवारी बोहल्यावर चढणार का?

"आपण त्यांच्या दारात आलोय, आबा," केरू म्हणाला. "ज्याच्या दारात जावं, त्याचा वार धरावा."

तेवढ्यात सगुणा पुढे झाली. ती म्हणाली, यांना वाळूत बसवून मला घरात झोप लागायची नाही. माझा गुरुवार मी सोडला. घाईघाईत हळद लावा आणि आजच लग्न लावा, शुक्रवार म्हणा नाहीतर काहीही म्हणा. केरू म्हणाला, तुझा दिवस का बुडवायचा? सगुणा म्हणाली, मग तुमचा का नासवायचा? तो ऐकेना, ती ऐकेना. दोघं चांगली कडाक्याने भांडायला लागली.

दोन्ही गावं ऐकत राहिली. इतकी वर्षं दोन्हीकडे भांडण झालं ते आपलाच वार खरा करण्यासाठी. आपला वार सोडण्यासाठी कोणी भांडताना त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. दोन्ही बापांच्या माना खाली गेल्या. पण तोंडाने कबूल कोण करणार?

वरातीत केरूचा एक चुलत आजा होता, वरवाडीतला सगळ्यांत म्हातारा माणूस. त्याला बैलगाडीत बसवून आणलं होतं. तो काठी टेकत खाली उतरला आणि म्हणाला, "उद्या पुन्हा शुक्रवार धरला, तर आपल्या सगळ्यांना आयुष्यात एक दिवस जास्तीचा मिळतोय. माझ्या वयाच्या माणसाला विचारा, असा दिवस कोणी देतं का. आणि तुम्ही तो नको म्हणून भांडताय?"

केरूचा बाप आधी हसला, मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने पागोटं सारखं केलं, व्याह्यांकडे गेला आणि म्हणाला, आमचा शुक्रवार उद्या. आज फक्त हळद घेऊन आलोय, असं समजा. सगुणाच्या बापाने त्याला मिठी मारली आणि त्याच्या पिठाळ हातांच्या दहाही बोटांचे ठसे व्याह्यांच्या नव्या अंगरख्यावर उमटले.

मग त्या दिवशी वाळवंटावर हळद झाली. करवलीची वाटी पुरेना, इतकी माणसं एकमेकांना पिवळी करून मोकळी झाली. कोण कच्च्या गावचा आणि कोण शिळ्या, ते ओळखू येईना. वरवाडीची वरात खालवाडीत मुक्कामाला राहिली. दुसऱ्या दिवशी दोन्ही जोशांनी एका सुरात शुक्रवार म्हटला आणि अंतरपाट दूर झाला. इतके दिवस एका दिवसाच्या अंतरावर राहिलेली ती दोघं आता एका हाताच्या अंतरावर उभी होती. सगुणाने हार घातला आणि हळूच विचारलं, की माझ्यापायी तुम्हाला एक दिवस परत जगावा लागला, वाईट वाटतंय का?

"पहिल्या शुक्रवारी तू रडलीस," केरू म्हणाला. "ह्या शुक्रवारी हसतीयस. मला तर रोजचा दिवस दोनदा मिळाला तरी चालंल."

तात्पर्य: आपलीच वेळ खरी, असं म्हणत बसणारा एकटाच बसतो. जो ती दुसऱ्याला देतो, त्याच्या पदरात ती दुप्पट होऊन पडते.