पाटलांचा राहिलेला भारा

एका गावाला झाडं लावायची भारी हौस होती. लावायची हं, जगवायची नव्हे. नदीकाठचं जुनं रान गावानंच तोडून गुऱ्हाळांच्या चुलवाणात घातलं होतं, आणि तेव्हापासून दर पावसाळ्यात नदी काठ खात गावाकडे सरकत होती. मग दर आषाढात हलगी वाजे. दौलतराव पाटील भरजरी फेटा बांधून सागाचं पहिलं रोप लावत, सगळे पेढे खात आणि घरी जात. दिवाळीपर्यंत म्हशी काठ साफ करून टाकत.

काठाजवळ गावचा कोंडवाडा होता. मोकाट जनावरं आणून त्यात कोंडणं हे हैबतीचं काम. त्याची झोपडी कोंडवाड्याला लागूनच होती. त्याच्या लहानपणी तिथून नदी चाळीस पावलांवर होती, आता बारा पावलांवर आली होती. हलगी ऐकली की हैबतीच्या अंगाची लाहीलाही होई.

एका वर्षी तो चावडीवर उभा राहिला. "पाटील, साग डोंगरावर जगतोय. हितं पुरात बुडून पुन्हा उठणारी झाडं पायजेत, करंज, उंबर, वाळुंज. आन् त्याच्याआधी म्हशी बांधा!"

गाव घाबरलेलं होतं, म्हणून ऐकलं. रोपं लागली. खंडोबापुढं शपथ झाली की काठावर कुणी जनावर सोडायचं नाही. सोडलं तर ते कोंडवाड्यात जाईल, आणि मालकानं कुंपणासाठी काट्यांचा एक भारा स्वतःच्या डोक्यावर आणायचा, मगच जनावर सुटेल. बेलभंडार पहिल्यांदा पाटलांनीच उचलला.

शपथ पंधरा दिवस टिकली. सोळाव्या दिवशी पाटलांचीच म्हैस उंबराचे कोवळे शेंडे खाताना सापडली. हैबतीनं ती कोंडली. पाटील तणतणत आले.

"हैबत्या, म्हैस कुनाची हाय, ठावं न्हाई व्हय तुला?"

"ठावं हाय. भारा आणा, म्हैस न्या."

पाटलांनी लाथ घालून फाटक मोडलं आणि म्हैस नेली. भारा काही आणला नाही. सारा गाव बघत होता, पण पाटलांना कुणी अडवलं नाही. लाज कशी वाटली नाही त्यांना? उलट दुसऱ्या दिवशी प्रत्येकानं आपलं जनावर काठावर सोडलं. पाटलांना चालतं तर आम्हाला का नको, एवढंच शहाणपण त्यांना सुचलं.

हैबतीची बायको सगुणा म्हणाली, "अवं, समद्यांची चरत्यात. आपलीच गाय उपाशी का?" आणि तिनंही गाय सोडली. हैबती संतापला. त्या संतापात त्यालाही क्षणभर वाटलं, जाऊ दे, मरू दे सगळं. मग तो उठला. स्वतःची गाय हाकत आणून त्यानं कोंडली, रानात गेला आणि बाभळीच्या काट्यांचा भारा स्वतःच्या डोक्यावर आणला. कोंडवाड्यापुढचा काठाचा तुकडा तेवढा त्यानं कुंपणात घेतला. दर वर्षी नवे काटे आणून तो ते कुंपण नीट करी.

आत लावलेल्या रोपांपैकी नऊ जगली. पण पुरानं वरच्या रानातून आणलेलं बी तिथल्या गाळात आपोआप रुजलं. शेरणीची झुडपं आली, वाळुंज आली, जांभळं आली. त्यांना कुणी लावलं नव्हतं, फक्त कुणी खाल्लं नव्हतं. गाव हसून म्हणे, हैबतीनं झुडपं माजवली.

पाचव्या वर्षी महापूर आला. पाणी उतरलं तेव्हा दोन्ही अंगांनी काठ तुटून गेला होता. पाटलांचा गोठा नदीत गेला होता. कोंडवाड्यापुढचं कुंपण वाहून गेलं होतं, झाडं चिखलात वाकली होती, पण मुळं सुटली नव्हती. झोपडी जागच्या जागी होती आणि नदी अजून बारा पावलांवरच होती.

पाटील म्हैस घेऊन आले. "हैबती, हिला बांधायला जागा दे बाबा."

पाच वर्षांत हैबतीचा राग जराही निवळला नव्हता. "जागा हाय, पाटील. पर तुमचा भारा ऱ्हायलाय. त्यो आणा, मग म्हैस आत घ्या."

सारा गाव पुन्हा बघत होता. पाटलांनी डोक्यावरचा फेटा सोडला, त्याची चुंबळ केली आणि ते बाभळींकडे चालू लागले.

तात्पर्य: रोप लावायला एक दिवस पुरतो, पण रान उभं राहायला रोज स्वतःचं जनावर बांधून ठेवावं लागतं, आणि जो नियम पाटलांच्या म्हशीला लागू होत नाही, तो कुणाच्याच म्हशीला लागू होत नाही.