शून्याखाली बसलेला पारा

ही गोष्ट शपथेवर खरी आहे. म्हणजे दवाखाना कुठे होता ते विचारू नका, कारण तो कधी नव्हताच. पण गोष्ट खरी.

फार पूर्वी त्या दवाखान्यात रक्तदाब मोजायची पाऱ्याची पेटी होती. काम संपलं की डॉक्टर हेमलताबाई पेटी कलती करत, पारा कुपीत उतरला की कुपीच्या तोंडाची छोटी चावी बंद करत आणि मगच झाकण लावत. एकदा घाईत नुसतंच झाकण लागलं.

"चावीताई, उघडी आहेसच, तर जरा फिरून येतो," पारा म्हणाला.

रोज दार लावून चावीही कंटाळली होती. "जा, पण लवकर ये हो."

पारा नळीत चढला आणि त्याचे काही थेंब पेटीत सांडले.

दुसऱ्या दिवशी तपासायला आलेल्या द्वारकाबाईंचा दाब अगदी छान भरला. "बघा, उगाच गोळ्या खायला लावता. आजपासून बंद," म्हणत त्या उठल्या.

चावीला राहवेना, ती करकरली. हेमलताबाईंनी वाकून पाहिलं, तर दंडाचा पट्टा रिकामा असताना शून्यावर हवा तो पारा सांडून कमी झाल्याने शून्याच्या खाली.

"बसा द्वारकाबाई, हा पारा थापा मारतोय."

दुसऱ्या यंत्रावर दाब चांगलाच चढलेला निघाला. मग बाईंनी खिडक्या उघडल्या, हातमोजे घातले आणि झाडू न लावता थेंब जाड कागदाने गोळा करून झाकणाच्या बाटलीत भरले.

यात चावी करकरली तेवढं मी रचलं आहे. ती गप्पच बसली होती. बाईंनी सवयीने वाकून पाहिलं, इतकंच.