मागच्या काचेवरचं टिंब

"…पण मागून येणाऱ्याने ते वाचलंच नाही, तर?"

ऋजुताने पुन्हा विचारलं.

माई ओट्यावर बसून हरभऱ्याची भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली, करंजाच्या सावलीत उभ्या असलेल्या गाडीकडे पाहिलं, आणि मान पुन्हा भाजीत घातली.

"वाचायला आहे काय तिथं?"

"अजून चिकटवायचंय, माई. तेच तर सांगतेय मघापासून."

"मग चिकटव. नंतर विचार."

माईंचा मठ म्हणजे गावाबाहेरच्या टेकडीवरच्या दोन खोल्या आणि एक ओटा. माणसं प्रश्न घेऊन येत. उत्तर मिळालं तर नशीब, नाही मिळालं तर निवडलेल्या भाजीची जुडी मिळे. ऋजुताच्या घरी आजवर भाजीच जास्त आली होती.

तरी ती येत राहिली. तिने संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं. त्यामुळे तिला नुसती भीती वाटत नसे, टक्केवारीसकट वाटे. निदान माईंपुढे तरी आकडे बोलून चालत नसत.

आजचा प्रश्न मात्र साधा होता. पाच वर्षांच्या लेकीला, जुईला, उद्यापासून शाळेच्या व्हॅनने पाठवायचं की नाही? वर्गातली सगळी मुलं व्हॅनने जात. जुईला जायचं होतं, कारण व्हॅनमध्ये भेंड्या खेळतात आणि पुढच्या सीटसाठी भांडणं होतात. आणि ऋजुताने जुनी गाडी घेतली होती ती नेमकी जुईला व्हॅनमध्ये बसावं लागू नये म्हणून. व्हॅनवाल्या काकांना आज सांगायचं होतं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार होती.

नवरा म्हणाला होता, "तू ठरव." घाबरट माणसाला याहून वाईट शिक्षा नाही.

म्हणून ती जुईला घेऊन इथे आली होती. आणि आल्याबरोबर व्हॅनचं सोडून स्टिकरचंच बोलत बसली होती. स्वतःच्या या सवयीची तिला पुरेपूर ओळख होती. ओळख असून उपयोग काही नव्हता.

माईंनी भाजीवरून नजर काढून गाडी नीट न्याहाळली.

"गाडीला कांजिण्या आल्यात का गं?"

"फुलं आहेत ती, माई."

"बरं."

"ओरखडे झाकलेत. रंगवून घ्यायचं म्हणजे केवढा खर्च. हा चिकट कागद स्वस्त पडतो. मीच कापली, मीच चिकटवली."

"आणि ते फुगलंय काय?"

"बुडबुडे. आत हवा राहिली."

ऋजुता थांबली. संसार, देह, बुडबुडा… आता माई काहीतरी बोलतील असं तिला वाटलं. नाही म्हटलं तरी ती थोडी सावरून उभी राहिली.

माईंनी पदराची पिन काढून पुढे केली.

"टोच."

ऋजुताने टोचलं. बुडबुडा बसला. शेजारी दुसरा उठला. ती त्याच्या मागे लागली, तर तो दारापर्यंत सरकत गेला आणि तिथे फुगून बसला.

"राहू दे तो," माई म्हणाल्या. "त्याला तिथंच बसायचंय."

ऋजुताने पिन परत दिली. टेकडी चढून आल्याचं हे फळ!

मग तिने मागच्या काचेचं काम काढलं. बाटलीतलं साबणाचं पाणी फवारलं, मुदत संपलेलं बँकेचं कार्ड हाताशी ठेवलं, आणि लाल अक्षरांच्या दोन ओळी जेवणाच्या ताटासारख्या दोन्ही हातांवर धरून आणल्या. घरी ब्लेडने ही अक्षरं कापताना तिला मराठीचा फार अभिमान वाटला होता. सगळी अक्षरं एका शिरोरेषेला लटकलेली, अख्खा शब्द एका हिसक्यात उचलता येतो. इंग्रजीत एकेकाची मानगूट धरून आणावं लागलं असतं.

वरची ओळ: बाळ आत आहे.

खालची ओळ: अंतर ठेवा.

ती कार्डाने पाणी निपटत राहिली. मधून, कडेकडे, पुन्हा मधून. दातांत ओठ धरून. शेवटी वरचा कागद सोलून काढला, चार पावलं मागे आली आणि पाहिलं. सुरेख. एकही बुडबुडा नव्हता. या गाडीवरची पहिली गोष्ट जी तिला जमली होती.

माई भाजीची परात घेऊन शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी मोठ्याने वाचलं.

"बाळ आत आहे. अत… अत्तर ठेवा?"

"अंतर, माई."

"अत्तर दिसतंय. कुठं ठेवू? मठात अत्तर नाही बाई. उदबत्ती चालेल का?"

ऋजुताने पाहिलं. 'अ'च्या डोक्यावर काही नव्हतं. शिरोरेषेला सगळं लटकलं होतं, अनुस्वार तेवढा सुटा होता. तो तिने पेनच्या टोपणाभोवती आखून वेगळा कापला होता. गोल, नेटका. आत्ताच तर इथे होता.

"टिंब कुठंय?"

तिने कागद उलटेपालटे केले. तळहात पाहिले. चपला काढून तळवे पाहिले. गुडघ्यांवर बसून गाडीखाली वाकली. साबणाचं पाणी कोपरांवरून बाहीत उतरलं.

"एवढ्यात होतं, माई. आता हे लोक मला अत्तर विकायला निघालेली समजणार. आधीच हॉर्न मारतात. मागून दिवे मारतात. मी हळू चालवते, तर खिडकीतून डोकं काढून बघतात की चालवतंय कोण… जुई! तू घेतलंस का काही?"

जुई गाडीच्या पलीकडे उभी होती. बाजूच्या आरशात तोंड घालून, मान तिरकी करून, स्वतःकडे पाहत होती. तिच्या कपाळावर मधोमध लाल, गोल, नेटकं टिंब होतं.

"काढ ते! आधी काढ! गोंद असतो त्याला, पुरळ येईल!"

"ही माझी टिकली आहे."

"तो अनुस्वार आहे!"

"टिकली आहे." जुई माईंकडे वळली. "माई, ही टिकली आहे ना?"

माईंनी नीट पाहिलं.

"कपाळावर आहे तोवर टिकली."

"माई, तुम्ही तरी तिची बाजू घेऊ नका."

"आणि मी बाळ नाहीये," जुई म्हणाली. "आईने गाडीवर खोटं लिहिलंय. व्हॅनमध्ये शर्वील आहे, तो माझ्याहून छोटा आहे. त्याची आई असं काही लिहीत नाही."

ऋजुता उठली. गुडघे मातीने माखलेले, बाही ओली. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता. दोन्ही एकदम आलं की तिचा आवाज शिक्षिकेसारखा होई.

"माई, मी तुम्हाला एक गोष्ट विचारायला आले. एक. तुम्ही मला पिन दिलीत. उद्या सकाळी व्हॅन येईल. त्या व्हॅनला दारं नीट लागतात की नाही, मला माहीत नाही. काका फोनवर बोलत चालवतात की नाही, माहीत नाही. पाठवलं तर दिवसभर जीव टांगणीला. नाही पाठवलं तर ही माझ्याशी बोलत नाही. हो म्हणू की नाही म्हणू, एवढंच सांगा. एक शब्द. प्रवचन नको, भाजी नको."

माईंनी परात बॉनेटवर ठेवली.

"गाडीत बस."

"किल्ली ओट्यावर आहे."

"चालवायला कोण सांगतंय? बस."

ऋजुता चालकाच्या जागेवर बसली. माईंनी बाहेरून दार लावलं आणि खिडकीशी उभ्या राहिल्या.

"जुई, मागं जा गं. काचेतून आईला बघ."

"दिसणार नाही. मी छोटी आहे," असं म्हणत, आपण बाळ नसल्याचं विसरून, जुई मागे पळाली. पुढच्याच क्षणी गाडी किंचित हलली. जुई बंपरवर चढली होती.

ऋजुताचा हात दाराच्या कडीकडे गेला. दार उघडेना. बाहेरून माईंनी तळहात टेकवला होता. भाजी निवडणारा म्हातारा हात, पण दार हलेना.

"माई, ती पडेल."

"मागं बघ."

ऋजुताने मान वळवली.

"तशी नको. चालवताना बघतेस तशी."

तिने डोळे वर केले, समोरच्या छोट्या आरशात.

बाहेरून सरळ लिहिलेली अक्षरं आतून उलटी दिसणार, हे तिला ठाऊक होतं. आरशात ती पुन्हा सरळ होतील, हे मात्र तिला सुचलं नव्हतं. मागच्या गाडीवाल्यासाठी कापलेल्या त्या दोन ओळी तिच्याच नाकासमोर स्वच्छ उभ्या होत्या. रोज गाडी चालवताना दर वळणावर, दर सिग्नलला, त्या तिला अशाच दिसणार होत्या.

*बाळ आत आहे.*

आत तर ती एकटीच होती.

खालच्या ओळीमागे जुईचा चेहरा हलत होता. ती काचेला नाक लावून आईला शोधत होती. डावीकडे झाली, उजवीकडे झाली, टाचा उंचावल्या. कपाळावरचं लाल टिंब 'ठे'वरून सरकलं, 'र'वरून सरकलं, 'अ'च्या डोक्यावर आलं आणि तिथेच थांबलं. तिला आई दिसली होती.

*अंतर ठेवा.*

जुईने जीभ काढून दाखवली.

ऋजुताने वाचलं. तिने पुन्हा वाचलं.

धप्पकन आवाज आला. जुईने बंपरवरून उडी मारली होती. ऋजुताने वळून पाहिलं. काचेमागे कुणी नव्हतं. मग खाली कुठेतरी खडी वाजली, आणि चपला फटफटत ओट्याच्या मागे गेल्या. तिकडून माईंच्या शेळीचा वैतागलेला आवाज आला. जुईचं हसणं आलं.

माईंनी दारावरचा हात काढला.

ऋजुता बाहेर आली, पण तिचे पाय ओट्याच्या दिशेने गेले नाहीत. याचं तिलाच नवल वाटलं, आणि नवल वाटल्याचा राग आला.

"हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"काय?"

"आरशाचं."

"मी कुठं गाडी चालवते, बाई?"

बॉनेटवर परातीशेजारी ठेवलेला फोन घरघरू लागला. पडद्यावर नाव आलं: व्हॅनवाले काका. परातीतली भाजी थरथरत होती. ऋजुताने फोनकडे पाहिलं, मग काचेकडे पाहिलं, आणि काचेकडे वळली.

"थांबा. आधी मी हे काढून टाकते."

तिने 'बाळ'च्या कोपऱ्याला नख लावलं. फुलं हवी होती तेव्हा धड चिकटत नव्हती, हे आता निघायला तयार नव्हतं. तिने ओढलं. एखादा काना फाटला असता तर तिने काही मनाला लावून घेतलं नसतं, पण फाटली ती शिरोरेषा. मधोमध. तिचा गोंद काचेवर तसाच राहिला. तिने बँकेचं कार्ड उचललं आणि खरवडू लागली. कार्ड मोडलं.

"निघत का नाहीये हे!"

माईंनी परातीतली एक काडी उचलून टाकली.

"कसं काढतात?"

"व्हिडिओत होतं. असं ओढायचं नसतं. गार असताना ओढलं की फाटतं. त्याला ऊब द्यायची असते."

"ऊब म्हणजे?"

"ऊन, माई, ऊन!" ऋजुता वैतागून म्हणाली. "थोडा वेळ उन्हात जाऊ द्यायचं. मग न फाटता आपसूक सुटतं."

फोन घरघरतच होता.

माईंनी परात कमरेवर घेतली, करंजाच्या फांद्यांकडे पाहिलं, आणि ओट्याकडे चालता चालता म्हणाल्या,

"मग इतका वेळ सावलीत काय करतेस?"