बोरखडीची बैठक

मघाशी वाटेत तुम्ही ऐकलं असेल. बोरखडीत सकाळी कुणी भेटलं, की 'चहा झाला का' असं विचारत नाहीत, 'बैठक झाली का' असं विचारतात. पाहुण्यांना वाटतं, गाव पैलवानांचं आहे. मग माझं पोट बघून त्यांचा गोंधळ होतो. इथं बैठक म्हणजे सकाळची प्रार्थना. चर्चच्या पायरीपुढे हा जो गोल दगड आहे, त्याच्यामुळे हे नाव पडलं. पूर्वी तो तालमीत उचलायचा दगड होता.

असं सांगतात, की तीन पिढ्यांमागे इथं शलमोन नावाचा पैलवान होता. हा दगड तो सहज खांद्यावर घ्यायचा. गावात पहिल्यांदा बाप्तिस्मा घेतलेल्या पाच घरांत त्याचं घर होतं. राग मात्र नाकावर. म्हणून बाप्तिस्म्याच्या दिवशी त्याने सगळ्यांदेखत वचन दिलं, की यापुढे माणसावर हात उचलणार नाही. पुढे त्या पाच घरांना विहीर बंद झाली. त्याची बायको मार्था तरीही पाण्याला गेली, तेव्हा विहिरीचा मालक येसबा याने तिची घागर फोडली. शलमोनने येसबाचा हात पिरगळला, तो मोडलाच. पंचांनी बजावलं, की पुन्हा असं झालं तर पाचही घरं गावाबाहेर काढू.

शलमोनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या रविवारी तो दिवसभर गुडघ्यांवर होता म्हणे. मंगळवारी कुणीतरी डिवचलं, तर पुन्हा अंगावर धावून गेला. मार्था मध्ये पडली म्हणून निभावलं. शेवटी तो आपल्या जुन्या गुरूकडे, उस्मान वस्तादांकडे गेला.

वस्ताद म्हणाले, "तुझ्या प्रार्थनेतलं मला काय कळत नाय. तालमीतलं कळतं. सहा दिवस लोळायचं आन् सातव्या दिवशी हजार बैठका मारायच्या, तर काय व्हतं?"

"मांड्या आखडत्यात."

"मग? रोज मार. थोड्या मार, पण चुकवू नको."

दुसऱ्या दिवशी उजाडताना शलमोनने या दगडावर गुडघे टेकले. मार्थाने शास्त्रातलं एक वचन वाचून दाखवायचं, त्याने ते पाठ करायचं आणि मग येसबासाठी, त्याच्या घरादारासाठी नावं घेऊन प्रार्थना करायची, असा नेम ठरला. सुरुवातीला ती नावं तो दातओठ खाऊनच घ्यायचा, हेही आमच्याकडे आवर्जून सांगतात. पण ताप आला तरी त्याने बैठक चुकवली नाही.

पाच घरं लांबच्या ओढ्यावरून पाणी आणत होती. पुढच्या उन्हाळ्यात ओढा आटला. लेकरांचा घसा कोरडा पडला, तेव्हा शलमोन हा दगड खांद्यावर घेऊन विहिरीकडे निघाला. येसबा काठी घेऊन आडवा आला. आता दगड येसबाच्या डोक्यात पडणार, असंच जमलेल्या गावाला वाटलं. शलमोनने तो वाटेवर ठेवला, त्यावर गुडघे टेकले आणि रोजची प्रार्थना मोठ्याने म्हणायला लागला. येसबाने पाठीत काठी हाणली. एक, दोन, तीन. शलमोनच्या तोंडी येसबाच्या म्हाताऱ्या आईचं नाव आलं, मग लेकरांची. चौथ्यांदा काठी वर गेली, ती खाली येईना म्हणे. येसबाने काठी टाकून दिली आणि मार्थाची घागर स्वतः भरली.

त्यानंतर हा दगड कुणालाच हलला नाही, म्हणून चर्च इथं बांधलं. तरुणपणी मीही जोर लावून पाहिला होता. आठ दिवस पाठ शेकत होतो.

तो काठीवाला येसबा म्हणजे माझे पणजोबा. आजही शलमोनच्या घरी सकाळच्या बैठकीत पहिली नावं आमच्या घरातली घेतात. परवा मला नात झाली. तिचं नाव अजून ठरायचं आहे. आज सकाळी त्यांनी 'येसबाच्या घरची नवी पोर' म्हणून तिच्यासाठी प्रार्थना केली.